शेजाऱ्याच्या पाठीवरचा दात

माणसाचं यकृत बिघडलं तर ते त्याच्यापुरतं राहतं. मूतखडा झाला तर घरातल्यांना कळतं, फार तर ऑफिसात शेजारच्या टेबलाला. गुडघा झिजतो, साखर वाढते, कान मंद होतो. ही सगळी दुखणी सभ्य आहेत, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. दाढ पडली तर आठवडाभर बायकोलाही पत्ता लागत नाही. पण वरचा, समोरचा, मधला दात पडला की माणूस गावाचा होतो. ज्यांनी इतक्या वर्षांत आपलं नावही विचारलं नव्हतं ते रस्त्यात थांबवून "कसा पडला?" म्हणतात, आणि आपण सांगायला तोंड उघडलं की उत्तर ऐकत नाहीत, आत बघतात.

देवळाली कॅम्पात हा प्रकार जरा जास्तच, कारण इथे हवा खाणं हा पूर्ण वेळचा उद्योग आहे. इंग्रजांनी 1861 मध्ये इथे फौजेचा तळ टाकला. हवा कोरडी आणि बरी, म्हणून मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींनी बंगले आणि सॅनिटोरियमं बांधली. तोफखान्याचं स्कूल 1941 पासून इथे मुक्कामाला आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. भाषा चार, पंगती चार, पण सकाळ-संध्याकाळ फिरायला निघायचं यावर सगळ्यांचं एकमत. लॅम रोडने निघून खंडोबाच्या टेकडीपर्यंत पोचेस्तोवर पेन्शनर फौजी, सॅनिटोरियममधल्या बा आणि बापुजी, दुकान उघडायच्या आधीचे शेठ आणि भगूरकडून सायकलवर येणारे दूधवाले अशी अर्धी देवळाली समोरून येऊन जाते. हवा खाऊन झाली की उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न त्यातल्या बऱ्याच जणांपुढे असतो. अशा गावात समोरचा दात नसताना फिरायला जाणं ही समाजसेवाच.

माझा दात खरं म्हणजे शाळेतच वारला होता. टेनिसचा आहे असं सांगून कुणीतरी सीझन बॉल टाकला, तेव्हाच तो गेला. पडायचा तेवढा राहिला. त्यानंतरची सगळी वर्षं तो राखाडी रंगाचा होऊन तोंडात उभा होता. त्याने ऊस सोलला, चिक्की फोडली, सुईतला दोरा तोडला, बँकेतल्या नोकरीत तीन-चार मॅनेजरांपुढे दात-ओठ खाण्याच्या कामातही आपला वाटा उचलला. आणि पडला कशात, तर सत्यनारायणाच्या शिऱ्यात. मला लागला तो काजू असं समजून मी बराच वेळ चघळत होतो. काजू विरघळेना. हातावर काढून पाहिला तर ओळखीचा निघाला. यजमानीणबाईंना माझ्या दाताचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना चिंता शिऱ्याची. "आमचा शिरा कधी कडक होत नाही हो, विचारा कुणालाही," असं त्या आलेल्या प्रत्येकाला सांगत होत्या, आणि प्रत्येक जण मग चौकशीला माझ्याकडे येत होता. दाद द्यायला हवी: पूजा संपायच्या आत बातमी रेस्ट कॅम्प रोडपर्यंत पोचली होती.

दात गेल्यावर काय काय जातं हे तो गेल्यावरच कळतं. व्याकरणाच्या पुस्तकात दंत्य वर्ण म्हणून एक रांग असते, ती परीक्षेपुरती पाठ करून आपण विसरतो. त, थ, द, ध, न, ल, स. यांतले बाकीचे कसेबसे निभावतात, पण स हा पहिल्याच दिवशी शिट्टी होऊन बाहेर पडला. त्यात आपण मराठी माणसं. आपले चमचा, जाऊ आणि झाड यांतले च, ज, झ सुद्धा जिभेचं टोक दातांकडे नेऊन म्हणायचे असतात. हे अक्षरांचं जादा लफडं शेजारच्या सिंधी शेठांना नाही. त्यांचा दात पडला तर दुकान चालू राहील. माझी मात्र 'सातशे सत्तर' हा आकडा सांगताना वाक्य कमी आणि वारा जास्त अशी अवस्था झाली. एके सकाळी मी समोरून येणाऱ्या एका साहेबांना "सुप्रभात, सर" म्हणालो. दोन स लागोपाठ. साहेबांच्या हातात साखळीला एक वयस्कर अल्सेशियन होता. शिट्टी ऐकताच तो जागच्या जागी मटकन बसला. त्याला तसंच शिकवलेलं असणार. साहेब मला म्हणाले, "माझं तर तो ऐकत नाही."

मग सल्ले. आमच्या गल्लीतले सुभेदारसाहेब म्हणाले, "दात गेला? ठीक आहे. उरलेले किती?" त्यांना सगळ्या गोष्टींत उरलेल्यांची मोजदाद आधी लागते. सॅनिटोरियममधल्या बांनी स्वतःची अख्खी कवळी हातात काढून दाखवली आणि सगळेच काढून टाक, एकदाची कटकट मिटेल, असा मोकळ्या मनाने सल्ला दिला. वहिनी म्हणाल्या, "या वयात काय करायचंय दात लावून? शोभतंय की." पुण्याहून मुलीने इम्प्लांटचा व्हिडिओ पाठवला. त्यात एक पडद्यावरचा स्क्रू पडद्यावरच्या जबड्यात इतक्या गोड संगीतावर फिरत जात होता, की पाहणाऱ्याला आपलेही चार-दोन दात पडावेत असं वाटावं.

इम्प्लांटची गोष्ट खरंच मोठी आहे, नाव ठेवायला जागा नाही. स्वीडनचे ब्रोनेमार्क 1952 च्या सुमाराला सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या नळ्या बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपला, नळी काढायला गेले, तर निघेना. हाडाने तिला आपलीच मानलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात हाच धातू बसवला. माझ्या जबड्याने मात्र या बाबतीत सशाइतकाही पुढाकार घेतला नाही. एक्स-रे पाहून सांगण्यात आलं, की तिथलं हाड पातळ आहे, आधी हाडाची भर घालावी लागेल, मग सहा महिने थांबायचं, मग स्क्रू, मग पुन्हा थांबायचं, मग दात. शेवटी खर्चाचा आकडा कागदावर लिहून कागद पालथा घालून माझ्याकडे सरकवला. नंतर कळलं, तो आकडा माणूस खुर्चीत बसलेला असतानाच दाखवायची पद्धत असते.

दुसऱ्या एका ठिकाणी, देवळालीबाहेर, ब्रिजचं नाव निघालं. नेहमीचा ब्रिज, तीन दातांचा. मधला नकली, आणि त्याला धरून ठेवायला दोन्ही बाजूंच्या दातांवर टोप्या. "शेजारचे दोन दात जरासे तासू," असं अगदी सहज सांगितलं गेलं. हा जरासा म्हणजे किती, हे 2002 मध्ये एडलहॉफ आणि सोरेन्सन या दोघा संशोधकांनी नमुन्याचे दात तासून, आधी आणि नंतर चक्क तराजूत घालून मोजलं आहे. पूर्ण टोपी बसवायची तर दाताच्या दिसणाऱ्या भागातला 63 ते 72 टक्के भाग जातो. आता बघा, मधलं घर पडलं. त्यात डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचा काय दोष? त्यांची नांदती घरं, भिंती शाबूत, चौकटीला तोरणं. पण मधल्याला आधार हवा म्हणून दोघांच्याही भिंती दोन-तृतीयांश छिलायच्या, वर एक सलग पत्रा टाकायचा आणि म्हणायचं, घ्या, आता तिघंही पक्के. माझे दोन्ही शेजारी आयुष्यात एकदाही किडलेले नाहीत. त्यांच्या अंगावर यंत्र घालू द्यायला माझं मन होईना. शिवाय तासताना सुई आलीच, आणि तासलेला दात पुढे कधी ठणकू लागला तर रूट कॅनॉलही आलं. तोरण गेलं ते गेलंच.

मधल्या काळात मुळाचा उरलेला तुकडा काढला गेला, आणि हिरडी आणि हाड बसेपर्यंत काही महिने थांबा असं सांगण्यात आलं. दात काढल्यावर तिथलं हाड पहिले काही महिने आक्रसत जातं. घाईने दात बसवला तर पुढे त्याच्या आणि हिरडीच्या मधून उजेड दिसतो. देवळालीत वाट पाहायची परंपरा जुनी आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर इथे मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी महिनोन् महिने पडून असत. काम नाही, ऊन मात्र भरपूर. त्यातल्या काहींची डोकी इतकी फिरली, की इंग्रजीत चक्रमपणाला आमच्या गावाचंच नाव पडलं. मला जहाज नको होतं, नुसती हिरडी भरून यायला हवी होती. पण ते सोल्जर आरशासमोर उभे राहून काय करत असतील याची थोडी कल्पना आली.

या काळासाठी एक काढता-घालता दात मिळाला. टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी आणि तिच्या पुढच्या टोकाला एकुलता एक दात. ही पट्टी टाळू झाकून टाकते, त्यामुळे मिसळीची चव निम्मी पट्टीला लागते आणि निम्मी आपल्याला. रात्री ती पाण्यात ठेवायची. पण तिचा खरा स्वभाव फ म्हणताना कळतो. फ म्हटलं की ती आतून बाहेर कोण आलंय ते बघायला येते. ज्येष्ठ नागरिकांच्या एका शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, "त्यांच्या जाण्याने फार..." एवढं म्हणालो, आणि पट्टी ओठापाशी आली. मी झटकन तोंडावर हात धरला, मान खाली घातली आणि जिभेने तिला मागे ढकलू लागलो. ती जाईना. सभेत शांतता. मागच्या रांगेतून कुणीतरी हुंदका दिला. एक गृहस्थ उठून मला हाताला धरून खुर्चीवर बसवून गेले. त्या सभेत सगळ्यांत चांगलं भाषण माझं झालं असं अजून बोललं जातं, आणि गेलेल्या गृहस्थांशी माझा एवढा जिव्हाळा होता हे त्यांच्या घरच्यांना तेव्हाच कळलं. मलाही.

एवढं झाल्यावर कॅम्पातल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तोंडात आरसा घातला, शेजारचे दोन्ही दात टकटक करून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, यांना कशाला हात लावायचा? मेरीलँड करू." मला वाटलं एखाद्या सहलीचं नाव असेल. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून दाखवलं. एक नकली दात. त्याच्या एका बाजूला, आतल्या अंगाने, पातळसा पंख. तो पंख शेजारच्या दाताच्या पाठीवर चिकटवायचा. बस. शेजाऱ्याला पुढून काही कळत नाही. पाठीवर जास्तीत जास्त एक हलका हात फिरवायचा, तोही इनॅमलच्या आत. इनॅमलमध्ये नस नाही, म्हणून दुखत नाही, म्हणून सुई नाही. पडलेल्या घराचा नवा मालक शेजाऱ्याच्या मागच्या अंगणातून आधार घेणार, आणि समोरच्या रस्त्यावर कुणाला पत्ता नाही.

"पण एकाच बाजूला?" मी म्हणालो. "दोन्हीकडे धरलं तर जास्त पक्कं नाही का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि याचं उत्तर या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. पूर्वी खरंच दोन पंख लावत. पण आपले दात जबड्यात ठोकून बसवलेले नसतात. प्रत्येक दात चावताना किंचित हलतो, आणि ज्याची त्याची हलायची तऱ्हा वेगळी. दोन शेजाऱ्यांना एकाच तुळईला बांधलं की एक पुढे, एक मागे, आणि शेवटी कुठला तरी एक पंख सुटतो. दुसरा धरलेला असतो, म्हणून माणसाला कळतच नाही. सुटलेल्या पंखामागे अन्न साचून चांगला दात आतून किडत राहतो. जर्मनीतल्या मथियास केर्न यांनी सिरॅमिकचे असे दोन पंखांचे दात बसवले होते. काहींचा एक पंख मोडला, आणि रुग्ण दुरुस्तीला आले तेव्हा दिसलं, की उरलेल्या एकाच पंखावर दात मजेत आहे. मग त्यांनी पुढचे दात मुळातच एका पंखाचे केले, आणि झिर्कोनिया या सिरॅमिकच्या अशा दातांपैकी दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून जास्त दात जागेवर दिसले. एकाशीच संबंध ठेवा, पण नीट ठेवा, हे आमच्या गल्लीला सांगून पटलं नसतं.

मेरीलँडचं नाव अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठावरून आलं. तिथल्या लिव्हाडिटिस आणि थॉम्पसन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पंखाच्या धातूची आतली बाजू विजेने खरवडून सिमेंट धरेल अशी केली. त्याआधी 1973 मध्ये फ्रान्सच्या रोशेट यांनी भोकं पाडलेली सोन्याची पट्टी दातांच्या मागे चिकटवली होती, तीही हलणारे दात एकमेकांना बांधायला. या सगळ्याच्या मुळाशी मात्र रंगकाम आहे. कारखान्यांत धातूला रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे पाहून रॉचेस्टरच्या ब्युनोकोर यांच्या मनात आलं, की दाताला लावून बघू. 1955 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या आधी दाताला काही पक्कं चिकटत नसे. तासायचं, खाच पाडायची, अडकवायचं, एवढंच होतं. जाता जाता आणखी एक: हे मेरीलँडचं दंत महाविद्यालय बाल्टिमोरमध्ये आहे, 1840 चं, जगातलं पहिलं. त्याच शहरातल्या दातांच्या संग्रहालयात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांपैकी एक ठेवली आहे. ते 1789 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात होता. त्यांची कवळी लाकडाची होती असं जगभर सांगतात; ती खरं तर हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दात यांची होती. म्हणजे दुसऱ्याच्या दाताबद्दल वाटेल ते सांगायची सवय फक्त देवळालीला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी माझा चावा पाहिला. वरच्या दाताच्या मागे खालचा दात फार घट्ट बसत असेल तर पंखाला जागाच राहत नाही. मग विचारलं, "रात्री झोपेत दात खाता का?" कारण तसं असेल तर हा दात टिकत नाही. मी उत्तर द्यायच्या आत आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "रात्री नाही, दिवसा खातात. माझ्यावर." केसपेपरवर बाईंनी 'नाही' लिहिलं, पण जरा विचार करून.

रंग ठरवायचा दिवस मी विसरणार नाही. दाताच्या छटांची एक पट्टी असते, ए, बी, सी, डी अशा घराण्यांची, प्रत्येकात फिकट ते गडद. छटा दिवसाच्या उजेडात बघायची, आणि पहिल्याच मिनिटाला. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडून फिकट दिसू लागतात आणि अंदाज चुकतो. म्हणून बाईंनी मला दवाखान्याच्या दारात, थेट रस्त्याकडे तोंड करून उभं केलं, वरचा ओठ वर करायला लावला आणि एकेक नमुना शेजाऱ्याला लावून बघू लागल्या. देवळालीत दारात उभ्या माणसाने दात दाखवले तर लोक थांबतात. आधी सुभेदारसाहेब थांबले, मग भाजीची गाडी, मग सॅनिटोरियममधल्या बा आणि त्यांची सून. ए-थ्री लावल्यावर सुभेदार म्हणाले, "फार पांढरा." ए-फोर लावल्यावर बा म्हणाल्या, "आ तो चा पीधेलो लागे छे." भाजीवाल्याने दोघांच्या मधला मागितला. बाई शांतपणे म्हणाल्या, "ए-साडेतीन." अशी छटा खरंच असते. ती चहाची छटा आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळ्यांचं एकमत झाल्यावर मंडळी पांगली. मला कुणी विचारलं नाही.

दात तयार होऊन आला. झिर्कोनियाचा. धातूचा पंख असता तर शेजारच्या दातातून त्याची करडी सावली दिसली असती, म्हणून हा. आणि मग दिवस चिकटवण्याचा. तोंडावर हिरव्या रबराचा पातळ पडदा ताणून त्यातून चार-पाच दात तेवढे बाहेर काढले. हा पडदा न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये काढला. थुंकीचा थेंब आला तर सगळं फुकट. पडद्याच्या आड मी बोलू शकत नव्हतो, आणि सौभाग्यवती खोलीत होत्या. लग्नानंतर प्रथमच त्यांनी एका विषयावर सुरुवात, मध्य आणि शेवट असं सगळं बोलून घेतलं. शेजारच्या दाताच्या पाठीला निळं जेलसारखं आम्ल लावलं, थोड्या वेळाने पाण्याने धुतलं, फुंकलं. बाईंनी आरसा धरून दाखवलं: तेवढाच भाग खडूसारखा पांढरा, निस्तेज झाला होता. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत अशी लाखो भोकं त्यात पडलेली असतात, त्यांत सिमेंट शिरून बसतं. पंखाच्या आतल्या बाजूवर बारीक वाळूचा फवारा आधीच मारून झाला होता. जपानी सिमेंट दोन पेस्टींतून मिसळलं, पंखावर लावलं, आणि दात जागेवर धरून बाई म्हणाल्या, "आता अजिबात हलायचं नाही."

नेमकी तेव्हाच रेंजवर तोफांची प्रॅक्टिस सुरू झाली. पहिल्या आवाजाला खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्याला टेबलावरचं कात्री-चिमट्यांचं ताट वाजलं. नवीन माणूस असता तर खुर्चीतून उडाला असता, आणि दात कायमचा तिरका राहिला असता. आम्ही देवळालीचे. मी पापणीसुद्धा हलवली नाही, आणि बाईंचं बोटही हललं नाही. तिसऱ्या आवाजाला त्या एवढंच म्हणाल्या, "आज लवकर सुरू केलं." निळा दिवा लावला, कडेचं सिमेंट खरवडलं, पडदा काढला, लाल-निळा कागद चावायला दिला, "टक टक करा, आता मागे-पुढे," एका जागी जरासं घासलं, आणि झालं. सुई नाही, सूज नाही, गोळी नाही. पंचेचाळीस मिनिटांत मी रस्त्यावर होतो.

आणि इथेच घोटाळा झाला. मी समजत होतो की गाव आनंद मानेल. गाव नाराज झालं. "दुखलं का?" सुभेदारसाहेबांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "सुईही नाही? मग टिकेल कसा?" शेठजी म्हणाले, "एवढ्यात झालं? मग पैसे कशाचे घेतले?" वहिनींना सूज पाहायची होती, त्या दह्याची कढी आणि मऊ भात घेऊन आल्या होत्या, आणि मी त्यांच्यादेखत पोळी-भाजी खातोय हे पाहून डबा परत घेऊन गेल्या. आपल्याकडे औषध कडू असावं लागतं, देवाची वाट चढणीची असावी लागते आणि दातावरचा इलाज कळवळायला लावणारा असावा लागतो. नाही तर पैसे पाण्यात गेले असंच वाटतं. इम्प्लांटवाल्याला तीन ऑपरेशनं झाली की आदर मिळतो. दोन दात तासून घेतलेल्याला निदान सहानुभूती मिळते. मला काहीच मिळालं नाही, कारण दाखवायला काहीच नव्हतं. चांगला बसवलेला दात दिसत नाही, हाच त्याचा दोष. एका आठवड्यात लोक विसरले की माझा दात पडला होता. तो वयस्कर अल्सेशियन तेवढा मला पाहून अजून क्षणभर थांबतो, वाट बघतो, आणि निराश होऊन पुढे जातो.

पथ्य मात्र आहे. अख्खा पेरू समोरच्या दातांनी तोडायचा नाही, फोडी करून खायचा. कणीस दाणे सोडवून. ऊस तर आता फक्त रसाच्या रूपात. पंखाखालून खास दोरा घालून रोज साफ करायचं. आणि हा दात कधी तरी सुटूही शकतो. सुटलाच तर अख्खा सुटून हातात येतो, किडीला लपायला जागा न ठेवता. तो डबीत घालून दवाखान्यात न्यायचा, पुन्हा चिकटवून मिळतो. हे ऐकताच सुभेदारसाहेब म्हणाले, "त्यात काय, एरल्डाइट आहे माझ्याकडे." मी त्यांच्यापासून तोंड मिटून राहू लागलो.

पण महिन्याभराने तेच आले. दाढ ठणकत होती. आजूबाजूला पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या त्या न दुखणाऱ्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात?" मी पत्ता दिला. बाईंनी पाहिलं, आणि सांगितलं की इथे मेरीलँडचं काम नाही. दाढ पार पोखरली आहे, रूट कॅनॉल करून टोपी घालावी लागेल, सुई द्यावी लागेल, दोन-तीन खेपा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारसाहेब लॅम रोडवर नेहमीच्या वेळी हजर. उजवा गाल टम्म फुगलेला, त्यावर मफलर, एक डोळा अर्धा मिटलेला. खंडोबाच्या टेकडीपर्यंत पोचायला त्यांना दुप्पट वेळ लागला, कारण बा थांबल्या, शेठ थांबले, दूधवाले सायकलीवरून उतरले. वहिनींचा कढी-भाताचा डबा अकराच्या आत त्यांच्या घरी गेला. मी समोरून आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं, मफलर जरा बाजूला करून गाल नीट दाखवला आणि न सुजलेल्या बाजूने म्हणाले, "याला म्हणतात इलाज."